मुलांस इतिहास कसा वाचून दाखवावा?



लहान मुलांस इतिहास शिकविणें म्हणजे सनावळी घोकविणें, हा समज आपण सोडून द्यावा. गोष्ट ऐकतांच मूल विचारतें, "हें खरेंच घडलें काय?" या प्रश्नाचा मान राखणें हीच इतिहासशिक्षणाची पहिली पायरी होय.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० सालीं आपल्या सोलापुरांत जन्मले. १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून ते चीनला गेले आणि तेथें जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, निवर्तले. पुढें १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्यावर बोलपट काढला. तो मुलांस अवश्य दाखवावा; परंतु आधीं कोटणिसांच्या चरित्राचीं दोन पानें त्यांस मोठ्यानें वाचून दाखवावीं, शहरांतील त्यांचें स्मारकहि दाखवून आणावें. मग बोलपटांतील घडलेलें कोणतें व रचलेलें कोणतें, हें मुलें स्वतःच निवडूं लागतील.

कल्पित कथांचें वावडें नको. परंतु हा भेद ज्यास बाळपणीं कळला, त्यास मोठेपणीं कोणतीहि अफवा सहजासहजीं शेजाऱ्याविरुद्ध उठवूं शकत नाहीं.

या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरीं एक तरी खरें चरित्र यावें व तें मुलांसह वाचलें जावें, एवढीच विनंती.