तू तर बसलीच नाहीस!
(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सुट्टीच्या दिवशी घरी पाहुणे' या विषयावर दहा मिनिटे बोला आणि एखादी पाककृतीही सांगा, असा मंडळाचा आग्रह. मी पाककलेतली तज्ज्ञ नव्हे. भोपाळमध्ये संसार केला आणि स्वयंपाकघरात चुका करत करतच शिकले. त्यातलीच एक चूक आज तुम्हाला सांगणार आहे.

आजकाल मुले ज्याला 'ब्रंच' म्हणतात, तो शब्द तसा जुना आहे. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका लेखात त्याची वकिली केली. रविवारी उशिरा उठावे, न्याहारी आणि जेवण एकत्र करावे, म्हणजे माणसे मोकळेपणाने बोलतात, असे त्याचे म्हणणे. आपल्या कॉलनीत मात्र हा प्रकार सव्वीस जानेवारीला आपोआपच होतो. सकाळी आठला झेंडावंदन, हातावर बुंदीचा लाडू, थंडीने काकडलेली माणसे. नऊ वाजता घरी परतावे तर न्याहारीची वेळ टळलेली आणि जेवणाला अजून अवकाश!

२०१२ च्या सव्वीस जानेवारीला मी हौसेने शेजारपाजारच्या बारा जणांना घरी बोलावले. मल्याळी, बंगाली, इंदूरकडचे, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आमच्या पंजाबी बीजी. बेत थालीपिठांचा. सोबत लोणी, दही, लसणाची चटणी आणि शिरा. सगळे मीच करणार होते. कोणी काही आणू का विचारले तर "छे, छे, काही नको!" आपल्याला तो मोठेपणाच वाटतो ना?

आता हिशेब बघा. बारा माणसे, प्रत्येकी दोन थालीपिठे, म्हणजे चोवीस. एकाला पाच मिनिटे धरली तरी एका तव्यावर दोन तास! बाहेर टीव्हीवर संचलन चालू, हसण्याचे आवाज येत होते आणि मी ओट्याशी. आमचे हे ताटल्या नेत होते, आणत होते. मी बाहेर आले तेव्हा लोक चपला घालत होते.

बीजी मात्र आत आल्या. "काही नको" म्हटले तरी त्यांनी गाजर, फुलकोबी आणि शलगमच्या लोणच्याची बरणी आणली होतीच. ती ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "बेटा, खाना तो बहुत अच्छा था, पर तू तो बैठी ही नहीं." मी हसून म्हटले, "पुढच्या वेळी नक्की बसेन, आणि लोणचेही शिकेन."

त्याच मे महिन्यात बीजी गेल्या. बरणी माझ्याकडे राहिली. गूळ, सिरका, मोहरी, आले, लसूण हे चवीवरून कळत होते. भाज्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात सुकवायच्या, हेही त्यांच्या गच्चीवर पाहिलेले. पण माप? दर हिवाळ्यात मी ते लोणचे घालते. चांगले होते, सगळे खातात. पण ते बीजींचे लोणचे नाही.

तेव्हा मला माझ्या आईची वही आठवली. त्यात भाजणीपुढे फक्त 'अंदाजे' एवढेच लिहिलेले! आईच्या हाताला अंदाज होता, माझ्याही हाताला आला. पण लेकीने बंगळूरहून फोन करून विचारले, "आई, धने किती?" तर मला सांगता येईना. बीजींचे जे झाले, तेच उद्या माझ्या भाजणीचे होणार होते. मग एक दिवस वाटी घेऊन बसले आणि मोजून लिहिले. घ्या लिहून:

ज्वारी, बाजरी आणि तांदूळ प्रत्येकी दोन वाट्या, हरभऱ्याची डाळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धने अर्धी वाटी आणि जिरे दोन मोठे चमचे. प्रत्येक धान्य वेगवेगळे, मंद आचेवर खमंग भाजायचे. धने-जिरे नुसते गरम करायचे. पूर्ण गार झाल्यावर चक्कीवरून जरा रवाळ दळून आणायचे. थालीपिठाला दोन वाट्या भाजणी, एक मोठा कांदा, मूठभर कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि चमचाभर गरम तेल. कोमट पाण्याने मळा, ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोके पाडा, त्यात तेल सोडा आणि झाकण ठेवा.

बेतही बदलला. आता सव्वीस जानेवारीला अंगणात टेबल मांडते, दोन शेगड्या, दोन तवे. पीठ आदल्या रात्री नव्हे, सकाळीच मळायचे, नाहीतर कांद्याचे पाणी सुटते. दही आणि चटणी मात्र आदल्या दिवशी. ज्याचे थालीपीठ त्याने थापायचे. कोणाचे भारताच्या नकाशासारखे होते, कोणाचे तव्याला चिकटते. तोवर भूक धरवत नाही म्हणून इंदूरकर वहिनी बडीशेप घातलेले पोहे आणतात, वर शेव आणि जिरावन. "काही आणू का?" असे कोणी विचारले की मी आता "हो" म्हणते. फक्त एक अट: पदार्थाबरोबर मापासकट कृतीचा कागद आणायचा. ते कागद मी एका वहीत चिकटवते. 'अंदाजे' लिहिलेला कागद परत जातो!

आणि हो, मी बसते. पहिले थालीपीठ उतरले की खुर्ची ओढून बसते. शिरा जरा खाली लागला तरी चालतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही शेजारी कोणी बीजी असतील, कोणी अम्मा, कोणी मासीमा. येत्या सुट्टीला त्यांना बोलवा. आज इथेही प्रसादाच्या पंगतीत वाढून झाले की वाढणाऱ्यांनी शेवटी एकट्याने जेवू नका, आमच्याजवळ येऊन बसा. मी जागा धरून ठेवते.

गणपती बाप्पा मोरया!