परावटु ग्रंथी : शस्त्रक्रिया केव्हा करावी?

मानेतील अवटु ग्रंथीच्या मागील बाजूस तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटु ग्रंथी असतात. त्या प्रथम दिसल्या त्या माणसात नव्हे, तर एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा गेंडा १८४९ साली मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले होते. मानवी परावटु ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील ईवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली प्रसिद्ध केले.

रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे या ग्रंथींचे कार्य होय. ते घटले की त्यांचा स्राव वाढतो आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. ते पुरेसे झाले की स्राव मंदावतो. एखाद्या ग्रंथीत सौम्य अर्बुद वाढून ती हा लगाम जुमानीनाशी झाली, म्हणजे हाडे ठिसूळ होतात आणि मूतखडे होऊ लागतात. व्हिएन्ना येथे १९२५ साली फेलिक्स मांडल यांनी ट्रॅमवरील एका कर्मचाऱ्याच्या मानेतून असे अर्बुद काढले आणि त्याच्या वेदना ओसरल्या.

त्या काळी रोगी हाडे खिळखिळी झाल्यावरच येई. त्यामुळे निर्णय अवघड नसे. आज साध्या रक्ततपासणीत हा विकार तक्रारीआधीच उघडकीस येतो. मग ज्याला काहीच त्रास नाही, त्याच्या मानेवर शस्त्र चालवावे काय?

वैद्यकाने यासाठी काही कसोट्या ठरविल्या आहेत. रक्तातील कॅल्शियम सामान्य मर्यादेपेक्षा दर डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमहून अधिक वाढलेले असणे, वय पन्नाशीच्या आत असणे, हाडांची घनता फार घटलेली असणे किंवा मणका खचलेला असणे, मूतखडे असणे अथवा मूत्रपिंडांची कार्यक्षमता मंदावलेली असणे, यांपैकी एक जरी गोष्ट आढळली, तरी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. ज्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही, त्यांना थांबता येते. मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. दरवर्षी रक्ताची आणि एकदोन वर्षांनी हाडांची तपासणी व्हावयास हवी. भीतीपोटी दूधदुभते सोडणेही योग्य नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चित्रणात अर्बुद दिसले नाही, एवढ्यावरून शस्त्रक्रिया टाळू नये; चित्रण जागा शोधण्यासाठी असते, निर्णयासाठी नव्हे. उलट, एका आनुवंशिक अवस्थेत रक्तात कॅल्शियम वाढलेले, पण लघवीत कमी असते. तेथे शस्त्रक्रियेने काही साधत नाही. म्हणून लघवीची तपासणी आधी आणि शस्त्र नंतर, हाच क्रम हिताचा होय.