आईची बावीस मिनिटे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, नवापूर येथे, कार्यकारी मंडळाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे पूर्वजांचा गौरव, विद्यार्थ्यांस उपदेश आणि थकलेल्या वर्गणीची आठवण, ह्या तीन गोष्टींची श्रोत्यांस अपेक्षा असते. वर्गणीचे काम आमचे खजिनदार अधिक परिणामकारकपणे करतात, सबब ते त्यांजकडेच सोपवून आम्ही आज एक निराळाच विषय हाती घेत आहोत. नोकरी सांभाळून संसार करणाऱ्या आपल्या माताभगिनींचा व्यायाम, आणि तो सुरू होऊनही टिकत का नाही, हा तो विषय होय.

ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस यशाने मिळालेला नाही, तो फजितीने मिळाला आहे. 21 जून हा दिवस 2015 पासून आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. गेल्या वर्षी तोच मुहूर्त धरून आपल्या मंडळाने महिलांसाठी सकाळी सहा वाजता व्यायामवर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी सतरंज्या अपुऱ्या पडल्या. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वर्गात शिकविणारी बाई आणि सतरंज्या घालणारा शिपाई, एवढेच उरले. कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत चर्चा होऊन इतिवृत्तात एक वाक्य नोंदले गेले: "भगिनीवर्गात चिकाटीचा अभाव असल्याने वर्ग स्थगित करण्यात येत आहे." त्या बैठकीस बसलेले आम्ही सारे पुरुष होतो, आणि बैठक संपल्यावर प्रत्येकाने घरी जाऊन वाढलेले ताट पुढे ओढले, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पुढे एका सभासदाने सुचविले की, ज्या भगिनी येईनाशा झाल्या त्यांस निदान कारण तरी विचारावे. म्हणून आम्ही घरोघर गेलो. एक भगिनी खांडबाऱ्याच्या बाजूस शाळेत शिक्षिका. जूनच्या मध्यास शाळा उघडते, स्वतःची मुलेही नव्या इयत्तेत जातात आणि पावसाची झडही तेव्हाच लागते. सहाच्या ठोक्यास त्यांच्या हाती तीन डब्यांच्या पोळ्या असतात. दुसरी भगिनी परिचारिका. तिची पाळी दर आठवड्यास बदलते. कधी सहाला ती कामावर निघालेली असते, तर कधी रात्रपाळीवर असते. तिसरी बँकेत नोकरीस आहे. तिने दारातच विचारले, "आबा, सहाला आमच्याकडे नळाला पाणी येतं. मी वर्गाला यायचं की पाणी भरायचं, तेवढं मंडळानं सांगावं." आम्हांपाशी उत्तर नव्हते. वर्गाची वेळ ठरविताना आम्ही भिंतीवरच्या घड्याळास विचारले होते, एकाही आईस विचारले नव्हते.

आपल्या गावचे रेल्वे स्थानक साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली आणि सीमारेषा फलाटाच्या पोटातून गेली. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. बाहेरगावचे प्रवासी मौजेने त्यावर बसून छायाचित्र काढून घेतात. नोकरी करणाऱ्या आईचा दिवस आम्हांस त्या बाकासारखा वाटतो. अर्धा कचेरीचा, अर्धा घराचा. आणि तिला स्वतःस बसावयास त्यावर जागाच नाही. तिच्या ठायी निश्चय नाही असे नव्हे. तिच्या मालकीचा वेळ नाही. ज्याची आपल्या वेळेवर सत्ता नाही, त्यास नित्यनेमाचा उपदेश करणे म्हणजे भूमिहीनास पेरणीचा मुहूर्त सांगणे होय.

हा केवळ आमचा तर्क नाही. केंद्र सरकारने 2024 साली देशभर पाहणी करून माणसांचा दिवस कोणत्या कामात जातो ह्याचा हिशेब मांडला. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटे वेचतात; घरकामास हात लावणारे पुरुष 88 मिनिटे वेचतात. मुलाबाळांची व वृद्धांची देखभाल ह्यात धरलेली नाही. दोहोंतील अंतर 201 मिनिटांचे आहे. आता दुसरा आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यास निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. 150 भागिले 7 म्हणजे सुमारे 22 मिनिटे. आम्ही आपणांपुढे मागणी मांडतो ती एवढीच. त्या 201 मिनिटांतील 22 मिनिटे घरातील इतरांनी आपल्या अंगावर घ्यावीत आणि आईस मोकळी करून द्यावीत.

येथे काही वडीलधारी माणसे म्हणतील की, आमच्या आईने कोणता व्यायाम केला होता? जात्यावर दळले, आडाचे पाणी शेंदले, आणि ती ठणठणीत राहिली. आक्षेप रास्त आहे. घरकामाचे श्रम ही हालचालच आहे आणि शास्त्रही ती हिशेबात धरते. परंतु जाते गेले, आड बुजले, आणि त्यांच्या जागी आलेल्या कामांत दमणूक आहे, श्वासास व स्नायूस मिळणारा खुराक तितका नाही. बँकेतील भगिनी दिवसभर बसून असते, शिक्षिका दिवसभर उभी असते. दोघी थकतात, पण त्या थकव्याने दोघींचेही बळ वाढत नाही. त्यातच 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. तेव्हा आईच्या प्रकृतीचा प्रश्न हौसेचा नव्हे.

स्त्रियांचा व्यायाम ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजविले, 1928 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. आपल्याच सुरत–भुसावळ लोहमार्गावरील अमळनेर येथे ज्यांनी एके काळी अध्यापन केले, ते जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. बडोद्यास प्राध्यापक माणिकरावांच्या हाताखाली शरीरविद्या शिकून, 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगक्रिया क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहिल्या. ह्या थोर पुरुषांपासून आम्ही दोन गोष्टी शिकलो: व्यायाम असा हवा की त्यास साहित्य लागू नये, आणि तो श्रद्धेवर न सोडता मोजून पाहावा.

आता प्रत्यक्ष उपाय सांगतो. दिवाळीपासून आपल्या ज्ञातीतील काही घरांनी हे करून पाहिले आहे. त्या घरांची संख्या सांगून टाळ्या मिळविण्याची आमची इच्छा नाही. परंतु जेथे नेम टिकला, तेथे चार गोष्टी समान आढळल्या.

पहिली गोष्ट. व्यायाम घड्याळास न बांधता रोज होणाऱ्या एखाद्या कामास बांधावा. "सहा वाजता" म्हणू नये. "कुकर उतरविल्यावर", "धाकट्यास शाळेच्या गाडीत बसविल्यावर", "पाळी कोणतीही असो, घरी येऊन चहा घेण्यापूर्वी" असे म्हणावे. परिचारिका भगिनीचा नेम ह्या एका युक्तीने बसला. गाडीने कामावर जाणाऱ्या भगिनी फलाटावर बसून न राहता गाडी येईपर्यंत झपझप फेऱ्या घालू लागल्या. दोन राज्यांत पायी हिंडून येण्याची सोय दुसऱ्या कोणत्या गावात आहे?

दुसरी गोष्ट. 22 मिनिटे सलग मिळालीच पाहिजेत असे नाही. पूर्वी तज्ज्ञ म्हणत की, दहा मिनिटांहून थोडकी हालचाल जमेस धरू नये. ती अट आता उरलेली नाही. सकाळी आठ, दुपारी सहा, सायंकाळी आठ, अशी बेरीज चालते. चालण्याचा वेग कसा ओळखावा? चालता चालता बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढला म्हणजे वेग योग्य झाला. बळासाठी आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे, भिंतीस हात टेकून अंग रेटावे, आणि दोन्ही हातांत आपल्या नवापूरच्या तूरडाळीची एकेक किलोची पिशवी घेऊन हात वर-खाली करावे. ह्या डाळीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा हा उपयोग मात्र मानांकन देणाऱ्यांच्या ध्यानी आला नसेल. पावसाळ्यात पडवी पुरते आणि उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीची वेळ बरी.

तिसरी गोष्ट. चुकलेल्या दिवसाचे सुतक पाळू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 माणसांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून तो 2010 साली प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडावयास कोणास 18 दिवस लागले, कोणास 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा 66 दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्यांस आढळले. आम्ही मात्र पंधरा दिवसांत निकाल देऊन मोकळे झालो! भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, ज्या दिवशी व्यायाम झाला त्या चौकोनात आईने आपल्या कपाळाची एक टिकली लावावी. हे काम घरातील लहान मुलांस दिल्यास ती आईस विसरू देत नाहीत. मूल आजारी पडले, पाहुणे आले, परीक्षा लागली की चौकोन रिकामे राहतील. राहू द्यावेत. पुन्हा टिकली लागली म्हणजे झाले.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, कारण ती आईने करावयाची नाही. तेवढा वेळ घरातील एका माणसाने नाव घेऊन राखावा. "करत जा की व्यायाम, कोण अडवतंय?" हे वाक्य प्रत्येक घरी ऐकू येते; ते परवानगीचे वाक्य आहे, मदतीचे नव्हे. मदत म्हणजे त्या वेळी नळाखाली बादली लावणे, कुकरच्या शिट्ट्या मोजणे, दारी आलेल्या भाजीवाल्यास उत्तर देणे, आणि "अगं, माझा मोजा कुठे आहे?" असे न विचारणे. एका घरी सासूबाईंनी हे काम पत्करले. त्या सुनेस म्हणाल्या, "तू जा बाई, दुधाकडे मी बघते, आमच्या वेळी असं म्हणायला कोणी नव्हतं." त्या घरचा नेम अद्याप चालू आहे.

सावधगिरीचे दोन शब्द. बाळंतपणानंतर, आणि विशेषतः शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास, वैद्यकीय सल्ल्यावाचून घाई करू नये. खोकताना वा उडी मारताना लघवी सुटणे ही तक्रार पुष्कळ मातांस असते. लाजेने व्यायाम सोडण्यापेक्षा डॉक्टरीणबाईंस सांगावे, त्यावर व्यायामाचाच उपाय आहे. छातीत दुखणे, भोवळ, धाप लागून बोलता न येणे, ही लक्षणे दिसल्यास थांबावे. रक्त कमी असल्यास आधी तपासणी करून उपचार घ्यावा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आजार आढळतो. तो असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ला घ्यावा, उन्हात व तहानेल्या पोटी श्रम करू नयेत, आणि दम लागण्यापूर्वीच विसावा घ्यावा.

असो. आम्ही आता समारोप करतो. मंडळाचा वर्ग पुन्हा सुरू व्हावयाचा आहे. ह्या खेपेस वेळ भगिनींनी ठरवावी, वर्ग आठवड्यास एकदाच असावा आणि उरलेले दिवस घरोघरी नेम चालावा, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आहे. वर्गाच्या नोंदवहीत ह्या वेळी दोन रकाने असतील. एकात भगिनीचे नाव, आणि दुसऱ्यात तिच्या घरातील त्या व्यक्तीचे नाव, जिने तिची बावीस मिनिटे राखण्याचे पत्करले आहे. दुसरा रकाना कोरा असल्यास आम्ही पहिल्यास दोष देणार नाही. आम्ही त्या घरी येऊ, आणि यजमानांशीच बोलू.

शेवटी एक ठराव आपल्या अनुमतीसाठी मांडतो. गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातील "भगिनीवर्गात चिकाटीचा अभाव असल्याने" हे शब्द काढून टाकावेत आणि त्या जागी "भगिनींस वेळ मोकळा करून देण्यात आम्ही कमी पडल्याने" असे शब्द घालावेत. पाच वाजता उठून, तीन डबे भरून, गाडी गाठून, चाळीस मुलांस शिकवून, परत येऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीस चिकाटी नाही असे लिहिणारी लेखणी आमची होती. ती चूक आपल्या समक्ष दुरुस्त व्हावी, एवढीच विनंती.