टाका लहान, निर्णय मोठा

(ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत, संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी साधा बी.कॉम. माणूस. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जप्रस्ताव वाचण्यात. तेव्हा आज जे बोलणार आहे ते ऐकून कोणी आपली गोळी बंद करू नये की ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नये. मग बोलायचं कशाला? तर मनात एक गोष्ट बारा-तेरा वर्षं टोचते आहे, म्हणून मीच सेक्रेटरींकडे वेळ मागून घेतली.

आपले जुने वॉचमन मामा तुम्हाला आठवत असतील. संस्था उभी राहिली त्या दिवसापासून गेटवर होते. २०१२ साली त्यांचा गुडघा फार दुखायला लागला. झीज होती, दुसरं काही नाही. कोणीतरी दुर्बिणीतून गुडघा साफ करून घ्यायला सांगितलं. मामा घाबरले. त्यांना समजावणारा मी. "अहो मामा, दोन भोकं पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी. घाबरायचं काय त्यात?" आपण वर्गणी काढली, पहिली पावती माझ्या नावाची. कमी पडले ते पैसे मामांनी गावाकडून उसने आणले. ऑपरेशन झालं. दोन महिने बरं वाटलं, पुढे दुखणं होतं तिथेच. वर्षभरात नोकरी सोडून ते गावी गेले, उसनवारी डोक्यावर घेऊन.

त्यात डॉक्टरांनी काही चुकीचं कापलं असं मी म्हणत नाही. चूक माझी होती. टाका लहान म्हणजे निर्णयही लहान असं मी धरून चाललो. बँकेत पाच हजारांच्या कर्जालासुद्धा मी कागद मागायचो. इथे एकही प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की ह्याच ऑपरेशनची परीक्षा अमेरिकेत ह्यूस्टनला झाली होती आणि तिचा निकाल २००२ सालीच छापून आला होता. म्हणजे मामांच्या दहा वर्षं आधी. झिजलेल्या गुडघ्याचे १८० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट. एका गटाचा गुडघा आतून धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून साफ केला, तिसऱ्या गटाला फक्त वरून छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. कोणाला काय केलं हे रुग्णाला माहीत नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांचं दुखणं आणि चालणं सारखंच! पुढे आणखी परीक्षा झाल्या आणि २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या गुडघ्यावर हे ऑपरेशन जवळजवळ कोणालाच करू नये असं स्पष्ट लिहिलं.

तुम्ही म्हणाल, पण मामांना दोन महिने बरं वाटलं होतं ना? त्याचं उत्तर आपल्या टेरेसवर आहे. आठवतं, एका वर्षी आपण ऑक्टोबरमध्ये वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि गळती थांबली म्हणून कॉन्ट्रॅक्टरला हार घातला? पुढच्या जूनमध्ये वरच्या मजल्यावर पुन्हा बादल्या लागल्या. गळती कॉन्ट्रॅक्टरने थांबवलीच नव्हती, पाऊस थांबला होता. गुडघ्याचं दुखणंही असंच चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं, नाही केलं, तरी थोडं उतरतंच. शिवाय आपल्यावर ऑपरेशन झालं ह्या विश्वासानेही बरं वाटतं. म्हणून दोन सारखे गट लागतात, एकाला उपचार, दुसऱ्याला नाही. नुसतं "माझ्या मेव्हण्याला गुण आला" हा पुरावा नव्हे.

आता माझी स्वतःची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी चढण चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. थांबलो की थांबायचं. अँजिओग्राफी झाली, एका नळीत मोठा अडथळा निघाला. मी टेबलावरच होतो. बाहेर सौ.ला विचारलं गेलं, "आत्ताच स्टेंट घालून टाकूया का? पुन्हा यायला नको. इथे सही करा." तिच्या हाताला कापरं भरलं. पण चौतीस वर्षं माझ्याबरोबर काढलेली कोऱ्या कागदावर सही न करण्याची शिस्त कामी आली. ती म्हणाली, "त्यांनाच विचारा." मी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत मी वाचलं आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही भेटलो. त्यांनी पहिल्यांदा एक रेघ ओढून दिली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. हार्ट अटॅक आला असेल, तर ताबडतोब अँजिओप्लास्टीने जीव वाचतो. तिथे मिनिटं मोजायची असतात, वाचत बसायचं नसतं. विश्रांती घेतानाही छातीत दुखत असेल, दुखणं अचानक वाढलं असेल, तरीही तसंच. आपल्या सी विंगमधले आपले मित्र आज समोर बसले आहेत ते रात्री दोन वाजता घातलेल्या स्टेंटमुळे.

पण माझं दुखणं स्थिर होतं, श्रमानंतरच येणारं. ह्या प्रकारावर तीन मोठ्या परीक्षा झाल्या आहेत. २००७ साली अमेरिका-कॅनडात 'करेज' नावाची, २,२८७ रुग्ण. गोळ्यांबरोबर स्टेंट घातला काय किंवा नुसत्या नीट गोळ्या दिल्या काय, मृत्यू आणि अटॅक ह्यांत फरक नाही. २०१७ साली इंग्लंडात 'ऑर्बिटा', एका नळीत अडथळा असलेले २०० रुग्ण. सगळ्यांना आधी सहा आठवडे गोळ्या, मग सगळ्यांना टेबलावर घेतलं, पण स्टेंट निम्म्यांनाच. सहा आठवड्यांनी मशीनवर चालवून पाहिलं, तर फरक साधारण सतरा सेकंदांचा, तोही योगायोगाने पडेल इतका. तिसरी 'इस्केमिया', निकाल २०१९च्या अखेरीस, सदतीस देश, ५,१७९ रुग्ण, त्यांत आपले भारतीयही. साधारण तीन वर्षांत मृत्यूंत फरक नाही. मात्र ज्यांच्या छातीत वारंवार दुखत होतं, त्यांना स्टेंट किंवा बायपासने आराम जास्त मिळाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी प्रस्ताव अर्धाच वाचला असं होईल. त्याच ऑर्बिटावाल्यांनी २०२३ साली ३०१ रुग्णांची दुसरी परीक्षा छापली. ह्यात छातीच्या दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या. तिथे स्टेंटने दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे स्टेंट हे थोतांड नाही. स्थिर दुखण्यात तो आरामासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी नाही. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली ते चांगलंच झालं, पण वस्तू स्वस्त झाली म्हणून ती गरजेची झाली असं होत नाही.

माझी मुख्य नळी मोकळी होती, हृदयाचं पंपिंग चांगलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेतो, तेल-मीठ सौ.च्या ताब्यात, संध्याकाळी बागेला चार फेऱ्या. पण मी आज उभा आहे म्हणून गोळ्याच श्रेष्ठ, असं मात्र समजू नका. तो पुन्हा टेरेसचाच हिशेब झाला. उद्या दुखणं वाढलं तर मी स्टेंट घालून घेईन, पण तेव्हा कशासाठी घालतो आहे ते मला माहीत असेल.

दुर्बीण वाईट असंही नाही. सौ.चं पित्ताशय दुर्बिणीतूनच काढलं, तिसऱ्या दिवशी ती देवपूजेला बसली. जुन्या मोठ्या छेदापेक्षा माणूस लवकर उठतो हे खरंच. पण १९९६ साली इंग्लंडात शेफील्डला गंमत झाली. २०० रुग्ण, निम्म्यांना दुर्बीण, निम्म्यांना पोटावर लहानसा छेद, आणि सगळ्यांच्या पोटावर पट्ट्या एकसारख्या. नर्सनाही कळेना कोणाचं कसं ऑपरेशन झालं. मग दोन्हींकडचे रुग्ण सारख्याच दिवसांत घरी गेले!

आणि एक गोष्ट भगिनींसाठी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत असताना गर्भाशय दुर्बिणीने काढणं चांगलं की पोट उघडून, ह्याची परीक्षा २०१८ साली छापून आली, ६३१ बायका. साडेचार वर्षांनी रोगमुक्त होत्या त्या पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बीणवाल्यांत ८६ टक्के. मोठा छेद तिथे जास्त सुरक्षित ठरला. गुडघ्याचंही तसंच. सांधा बदलणं हे मोठं ऑपरेशन, त्यात धोकेही जास्त. पण २०१५च्या डेन्मार्कच्या परीक्षेत नुसत्या व्यायाम-औषधांपेक्षा त्याने जास्त आराम दिला. छेदाच्या लांबीवरून उपचाराची किंमत ठरत नाही.

शेवटी चार प्रश्न देतो, फ्रिजवर चिकटवून ठेवा. घाई नसलेला कुठलाही उपचार सुचवला की विचारा: ह्याने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल, की दोन्ही? हे न करता दुसरा उपाय काय, आणि दोघांची तुलना कुठे झाली आहे? धोका किती? महिनाभर थांबलो तर काय बिघडेल? चांगले डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावत नाहीत. माझे दुसरे डॉक्टर तर खूश झाले.

पंचवीस वर्षांत ह्या संस्थेने टेरेससाठी, लिफ्टसाठी, रंगासाठी तीन-तीन कोटेशनं मागवली. स्वतःच्या देहासाठी निदान दुसरं मत घ्यावं. आपल्या घरी काम करणाऱ्या बाई, वॉचमन, ड्रायव्हर ह्यांना सल्ला देताना तर दुप्पट जपून द्यावा, कारण तो आपला शब्द मोडत नाहीत आणि पैसे त्यांचे जातात. मामांना मी मागच्या दिवाळीत फोन केला होता, हे सगळं सांगून माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." तेच तर दुखतं.