देवराईची राखण आणि आपली उमलती पिढी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



चिटणीसांनी मला ‘संस्कृती आणि वन्यजीवरक्षण’ हा विषय नेमून दिला. विषय अफाट आहे आणि वेळ थोडा. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तेरा ते एकोणीस वर्षे वयाची आपली मुले एखादा प्राणी मारावा की राखावा, झाड तोडावे की राहू द्यावे, हे ठरवितात तेव्हा त्या निर्णयामागे कोण उभे असते?

शाळेतील पुस्तक, असे उत्तर आपण चटकन देऊ. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि ते योग्यच झाले. परंतु पुस्तकातून माहिती मिळते. मोठेपणा कशात आणि लाज कशात, हे मात्र मूल घरी, देवळात आणि सवंगड्यांत शिकते. त्या वयात एक कान मित्रांकडे असतो व दुसरा वडीलधाऱ्यांकडे. आपण काय बोलतो यापेक्षा आपण काय करतो, हे मुले अधिक बारकाईने पाहत असतात.

नागपंचमीचेच उदाहरण घ्या. नागाला भाऊ मानून आपल्या आयाबहिणींनी त्याची पूजा केली. त्या दिवशी जमीन नांगरू नये, खणू नये, असा दंडक पाळला. हा झाला जीवदयेचा संस्कार. परंतु त्याच श्रद्धेपोटी सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याची प्रथाही रूढ झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण दिले आणि पुढे उच्च न्यायालयाने या प्रथेला आळा घातला. नाग दूध पिणारा प्राणी नव्हे, हेही आता शास्त्राने आपणांस सांगितले आहे. म्हणजे एकाच संस्कृतीच्या पोटी आदर आणि पीडा ही दोन्ही नांदू शकतात. आज घरात साप निघाला की एक मुलगा काठी उचलतो, दुसरा जाणत्या सर्पमित्राला बोलावतो आणि तिसरा तो साप गळ्यात घालून छायाचित्र काढू पाहतो. तिघांनीही आपापला धडा कोणाकडून तरी घेतलेला असतो.

संस्कृती बदलत नाही, असे मात्र कोणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालीत व माणसे ती उकरून नेत. कासव तर आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कोरलेले! दगडाच्या कासवाला नमस्कार करावयाचा आणि जिवंत कासवाची अंडी न्यावयाची, अशी ती विसंगती होती. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने अंडी राखण्याचे कार्य आरंभिले. आज त्या गावात पिले समुद्रात सोडणे हा उत्सव झाला आहे. तिकडे दूर नागालँडात, दोयांग जलाशयाच्या परिसरात, 2012 साली अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली. ग्रामसभा, चर्च आणि मुलांची निसर्गमंडळे एकत्र आली आणि दुसऱ्याच वर्षी ती शिकार थांबली. एकटा मुलगा गावाच्या विरुद्ध उभा राहू शकत नाही. गाव त्याच्या पाठीशी असले की तो पहाऱ्यालाही उभा राहतो.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आपल्यापैकी बहुतेकांची कुलदैवते सह्याद्रीच्या कुशीत आणि कोकणात आहेत. काळकाई, जुगाई, वाघजाई, सोमजाई ही नावे आपल्या ओठांवर आहेत. या देवतांभोवतीचे राखीव रान म्हणजे देवराई, कोकणातील देवरहाटी. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, असा पूर्वजांचा नेम होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि या श्रद्धेने केवढा ठेवा राखला आहे हे विद्वानांच्या नजरेस आणून दिले. धनेश पक्षी जुन्या, प्रचंड वृक्षांच्या ढोलीत घर करतो. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते आणि नर एका फटीतून तिला फळे भरवितो. असा वृक्ष दहा-वीस वर्षांत उभा राहत नाही. तो पडला की घरटे गेले, आणि रानभर बिया पसरविणारा पक्षीही गेला.

बंधूंनो, येथे मला थोडे कटू बोलावयाचे आहे. अलीकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी सिमेंटचे सभामंडप उभे राहतात, मोटारींसाठी आवार मोकळे केले जाते आणि त्यासाठी देवराईतील वृक्ष पडतात. हा पैसा बहुतांशी शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्या भक्तांच्या देणग्यांतून जातो. अनेक देवरायांना अभयारण्यासारखे कायद्याचे कवचही नाही. त्यांना आधार होता तो केवळ भाविकांच्या नेमाचा. तो नेम भाविकांनीच मोडला तर राखण कोणी करावयाची? आणि पंधरा वर्षांची मुलगी विचारते, “आजोबा, देवीचे झाड देवीसाठी कसे तोडता?” तेव्हा “तुला काय कळते?” म्हणून आपण तिला गप्प बसवितो. त्या क्षणी आपण दोन गोष्टी तोडतो : एक झाड आणि एक उमलता विवेक.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. जीर्णोद्धारासाठी देणगी देताना ‘एकही जुना वृक्ष तोडला जाणार नाही’ असे लेखी आश्वासन घ्यावे. कुलदैवताच्या यात्रेला मुलांना न्यावे, तेव्हा गुरवाकडून व गावातील वृद्धांकडून देवराईचे नेम त्यांना ऐकवावेत आणि तेथील झाडापाखरांची नोंदवही मुलांच्याच हाती द्यावी. आणि मंडळाच्या सभेत अशा विषयावर तरुणांचे मत केवळ ऐकू नये, तर ठरावात उतरवावे.

तरुण मित्रांनो, परंपरा म्हणजे वाडवडिलांचे सारे जसेच्या तसे उचलणे नव्हे, आणि सारे टाकून देणेही नव्हे. त्यांनी जे राखले ते राखा; त्यांच्या हातून जे जाचक घडले ते थांबवा. तो विवेक जगदंबा आपणां सर्वांना देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.