मैदान, मुले आणि शिस्त

(उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आरतीनंतर इथे कोणी विद्वान बोलतात. यंदा माझ्यासारख्या रुळावर फिरणाऱ्या माणसाला उभे केले आहे. विषय दिला आहे ‘मुलांना वळण कसे लावावे’. तो मी जरा आपल्या मैदानाकडे वळवून घेतो. विसर्जनानंतरच्या सभेत अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून तिथे गाड्या उभ्या करण्याचा ठराव येणार आहे. माझा त्याला विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. मुले घरात धुडगूस घालतात ही एक, आणि हल्लीच्या शाळांत धाक राहिला नाही ही दुसरी. सहा तास बाकावर, त्यानंतर ट्यूशन, घरी आल्यावर टीव्ही नाहीतर मोबाईल. अंगातली रग जाणार कुठे? ती सोफ्यावर निघते, धाकट्या भावंडावर निघते. मग आपण शाळेत जाऊन सांगतो, ‘सर, दोन थपडा लावा, आमची हरकत नाही.’

आपली हरकत असो वा नसो, कायद्याची आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला मारणे तर नाहीच, त्याचा मानसिक छळही करता येत नाही. शारीरिक शिक्षा हा शिक्षणाचा भाग होऊ शकत नाही, असे आपल्या बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये अंबिकापूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तिथे सहावीतल्या एका मुलीचा जीव गेला होता. यावर मी अधिक बोलत नाही.

याच कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शाळेत काय काय हवे ते दिले आहे. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि त्याच यादीत खेळाचे मैदान. ॲडमिशनच्या वेळी आपण फी विचारतो, बस विचारतो, एसी आहे का तेही विचारतो. मैदान कुठे आहे, आणि पी.टी.च्या तासाला गणिताचा जादा वर्ग घेता का, हे किती जणांनी विचारले?

शिस्त नको असे माझे म्हणणे नाही. आमचे सारे खाते नियमावर चालते. ब्रॉडगेजवर रूळ उघडायचा तर 600 मीटरवर बॅनर झेंडा आणि 1200 मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, तीन पटाखे लावावे लागतात. नव्या ट्रॅकमेनला हे छडीने शिकवत नाहीत. भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की अंतर तो स्वतःच मोजून घेतो. मुलांचेही तसेच. विटी-दांडूत कोण बाद यावरून ती अर्धा तास भांडतात, पण शेवटी निकाल लावतात, कारण पुढचा डाव खेळायचा असतो. मोठा माणूस मध्ये पडला की सगळे बिघडते. (भांडणात मध्ये पडायला आपल्यातले काही जण फार उत्सुक असतात, नावे घेत नाही.)

आपल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून परतल्या आणि 1945 साली त्यांनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. तिथली आदिवासी मुले गुरे राखायची, शाळेत यायची नाहीत. बाईंनी त्यांना दटावून वर्गात बसवले नाही, शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेला भिंत नव्हती, तरी मुले शिकली.

आणि इथे, छत्तीसगडात, खेळांची काय कमी? हरेलीला गेडी, भौंरा, बाटी, पिट्ठुल. 2022 मध्ये राज्य सरकारने छत्तीसगढिया ऑलिम्पिक भरवले, त्यात फुगडीसुद्धा होती. इथली फुगडी बसून घालतात, आपल्या बायका हात धरून गरगर फिरतात, नाव मात्र एकच. आपल्या मुलींना यातली एकही येत नाही. दहा-अकरा वर्षांची झाली की मुलगी मैदानावरून नाहीशीच होते. सायकली फिरवणारी टवाळ पोरे आणि भटकी कुत्री यांची भीती आयांना वाटते, ती खोटी नाही. पण त्याला उपाय दिवा, फाटक आणि संध्याकाळी तिथे बसणारी चार मोठी माणसे हा आहे. मैदानावर गाड्या आल्या तर उरलेल्या मुलीही येणार नाहीत.

गाड्यांचे काय, असे विचारले जाईल. भिंतीलगत एका रांगेत तिरप्या लावल्या तर पंधरा गाड्या बसतात, मी टेपने मोजले आहे. राहिलेल्यांनी आपापल्या दारात लावाव्यात. लग्नकार्यापुरते सारे मैदान घ्यावे, कोणाची ना नाही.

आता आपल्याच मंडळाबद्दल. मंडप निघाल्यावर बांबूंचे खड्डे तसेच राहतात, मातीत खिळे राहतात आणि दिवाळीपर्यंत मुलांना तिथे अनवाणी धावता येत नाही. यंदा मंडपवाल्याचे शेवटचे पैसे खड्डे बुजवल्यावरच द्यावेत, अशी कोषाध्यक्षांना विनंती आहे. खिळे वेचायला दोरी बांधलेले मोठे लोहचुंबक मी आणतो. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता या, मुलांनाही आणा. ठरावाची सभा त्याच दिवशी अकराला आहे.