अंगणातली होडी



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी, अर्थकारण, परराष्ट्रधोरण असले भारदस्त विषय शोभतात. तेथे उभे राहून होडीचे बूड कसे नीट केले हे सांगणे म्हणजे थोडा आगाऊपणाच. परंतु चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि गेल्या दीड वर्षात आमच्या डोक्यात दुसरे काही शिरलेलेच नाही, तेव्हा श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

'आम्ही' हा शब्द आज वारंवार येईल. तो मोठेपणाचा नाही. आम्ही म्हणजे प्रस्तुत वक्ता, त्याचे मेहुणे आणि इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला पुतण्या. तिघांपैकी एकाचाही जन्म समुद्राकाठचा नाही.

होडीची जात प्रथम सांगितली पाहिजे. पुराच्या वेळी जवान ज्या रबरी होड्या आणतात त्या आपण पाहिलेल्या आहेत. त्यांचा तळही कापडीच असतो. आमची होडी तशी नव्हे. तिचा तळ फायबरचा, टणक, पुढे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा धारदार. आणि त्याच्या कडेने हवा भरलेली जाड नळी घोड्याच्या नालासारखी फिरवलेली. इंग्रजीत तिला आद्याक्षरांवरून 'रिब' म्हणतात. बरगडीशी त्याचा संबंध नाही. टणक तळ लाट कापतो, नळी होडीला बुडू देत नाही. होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी ती तरंगत राहते, आणि बुडणाऱ्या माणसाला बाजूला घेताना त्याच्या डोक्याला लागते ते रबर, लाकूड नव्हे.

ही जात कोठल्या मोठ्या कारखान्यात जन्मली असेल अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट डोनॅट्स नावाचा जुना किल्ला आहे. तेथे १९६२ साली अटलांटिक कॉलेज निघाले. रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर हे त्याचे पहिले प्रमुख. आजूबाजूच्या समुद्रात कोणी बुडत असेल तर त्याला काढणे हा तेथे विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. ब्रिस्टल खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींत मोडते, आणि किनारा आहे खडकांचा, गोट्यांचा. रबरी होड्यांचे कापडी तळ त्या गोट्यांवर घासून फाटत. तेव्हा १९६४ साली होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका बारा फुटी होडीचा फाटलेला तळ काढून टाकला आणि त्या जागी प्लायवूडची फळी नळीला चिकटवली. इतकेच! वेगात फळी लाटांवर आपटू लागली, बसणाऱ्याची कंबर मोडू लागली, म्हणून पुढल्या खेपेला तळाला धार दिली. पुढे दहा-बारा वर्षे ही मुले एकामागून एक होड्या बांधीत, समुद्रात नेऊन बिघडवीत आणि पुन्हा बांधीत राहिली. या रचनेचा हक्क होअर यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेला एक पौंडाला दिला, आणि १९७२ सालापासून 'अटलांटिक २१' या नावाने, म्हणजे एकवीस फुटांची, ती होडी संस्थेच्या सेवेत रुजू झाली.

हे वाचले आणि मेहुणे म्हणाले, "पोरांनी केले, मग आपल्याला काय धाड भरली आहे?" सर्व अनर्थाचे मूळ हे वाक्य.

२०२४ च्या दिवाळीत कोकणातल्या एका जलक्रीडेच्या व्यावसायिकाकडून आम्ही साडेपंधरा फुटांची जुनी रिब विकत घेतली. सोबत ४० अश्वशक्तीचे, मागच्या फळीवर टांगावयाचे यंत्र आणि एक गंजका ट्रेलर. होडी घेऊन पुण्याला आलो. समुद्राकडची होडी पुण्याला कशाला, असे आपण विचाराल. शेजाऱ्यांनीही विचारलेच, समोरचे आजोबा फाटकाशी येऊन म्हणाले, "काय हो, पुन्हा पानशेत फुटणार आहे की काय?" १९६१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांच्या थट्टेला उत्तर नसते.

खरे कारण सरसाचे. नळीच्या कापडाला ठिगळ लावावयाचे तर दोन भागांचा सरस मिसळून लावावा लागतो, आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की तो दगा देतो. वरून घट्ट दिसतो, महिन्याभराने पापुद्रा सुटतो. कोकणात ६० टक्क्यांच्या खालची हवा मिळणे कठीण. पुण्यातली जानेवारी-फेब्रुवारीची दुपार मात्र या कामासाठीच केलेली असावी. पुणेकरांच्या कोरडेपणाचा कोणाला तरी उपयोग झाला, अशी नोंद येथे करावयास हरकत नाही.

कापडही दोन प्रकारचे असते, एक हायपॅलॉन म्हणून ओळखले जाणारे रबर आणि दुसरे पीव्हीसी. दिसावयास जुळी भावंडे, पण एकाचा सरस दुसऱ्याला चालत नाही. चाचणी सोपी आहे. कोपऱ्यात पॉलिश कागदाने हलकेच घासावे. रबर असेल तर भुकटी पडते. आमचे रबर निघाले. कापड खरवडावे, पुसावे, सरसाचा पातळ हात द्यावा, सुकू द्यावा, असे तीन हात. मग ठिगळ एका कडेपासून दाबीत न्यावे आणि त्यानंतर चोवीस तास तरी त्याकडे बोटही करू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड. आमचे पहिले ठिगळ मेहुण्यांनी चौथ्या तासाला नख लावून पाहिले आणि अर्थातच ते निघाले.

परंतु खरे दुखणे नळीत नव्हते, ते मागच्या उभ्या फळीत होते. यंत्राचे सारे वजन आणि सारा रेटा या फळीवर येतो. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. आम्ही लाकडी हातोडीने ठोकीत गेलो. कडेला 'टक् टक्' वाजे, मध्ये 'भद्'. नेहमीच्या सुतारमिस्त्रींना बोलावले. त्यांनी पटाशीने फायबरचा चौकोन उचलला, आत बोट घातले आणि म्हणाले, "साहेब, हे लाकूड नव्हं, चहात बुडवलेला पाव आहे." आधीच्या मालकाने शिडी, दोरीचे हूक, मासे मापावयाची पट्टी अशा नाना वस्तूंसाठी भोके पाडली होती आणि त्यांपैकी एकही बुजवले नव्हते. प्रत्येक भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते. अशी फळी एके दिवशी भर लाटांत यंत्रासकट सुटून जाते.

सगळे कुजके लाकूड खरवडून काढण्यात आमचे चार रविवार गेले. नवे प्लायवूड सागरी प्रतीचे, आय.एस. ७१० चा शिक्का असलेले आणले. मिस्त्रींनी ते इतके तंतोतंत बसवले की इपॉक्सी ओतावयास फट उरेना, तेव्हा त्यांना उलट समजवावे लागले की येथे थोडी फट हवी. यंत्राच्या बोल्टांसाठी भोक आधी मोठे पाडले, ते इपॉक्सीने गच्च भरले आणि त्या भरावात पुन्हा नेमके भोक पाडले. मग बोल्टमधून पाणी शिरले तरी लाकडाला त्याचा स्पर्श होत नाही. एका बोल्टाला दोनदा भोक पाडण्याचा हा उद्योग पाहून मिस्त्री पहिल्या दिवशी हसले. आता ते गच्चीवरच्या खिडक्यांनाही तसेच करतात असे कळते.

बाकीची कामे झरझर सांगतो. सुकाणूचा खांब मध्यावरून थोडा मागे घेतला. पेट्रोलची टाकी सुटी, उघड्यावर ठेवली. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खणात ती तळाशी साचून ठिणगीची वाट पाहते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज दिला. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या घेतल्या, साध्या तारा खाऱ्या हवेत हिरव्या पडतात.

तारा ओढतानाच पुतण्याला ती गोष्ट सापडली. अशा होडीवर एक लाल, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दोरी असते. तिचे एक टोक चालकाच्या पायाला किंवा मनगटाला, दुसरे यंत्राच्या बटणाला. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी खेचली जाते आणि यंत्र बंद पडते. आम्ही तिचे नाव 'प्राणदोरी' ठेवले. आमच्या होडीवर बटण होते, दोरीही होती. पण बटणामागची तार कोणी तरी कापून, वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. यंत्र मध्येच बंद पडण्याचा त्रास होत असावा. त्रास मिटला. यंत्र सुरेख चालत होते, आणि ते सुरेख चालत होते म्हणूनच आम्ही दोघा वडीलधाऱ्यांनी तिकडे पाहिले नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, ही दोरी शोभेची आहे."

तो डिसेंबर महिना होता. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान होडी आदळली आणि पंधरा माणसे गेली. नौदलाने सांगितले की यंत्राची चाचणी चालू असताना बिघाड होऊन होडीवरचा ताबा सुटला. तीही याच जातीची, टणक तळाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वहिनींनी वर्तमानपत्र आणून न बोलता होडीत ठेवले. त्या दिवशी अंगणात काम झाले नाही.

त्यानंतर आम्ही वाचावयास लागलो. मे २०१३ मध्ये इंग्लंडातील पॅडस्टो गावाजवळ, कॅमल नदीच्या मुखात, एक कुटुंब अशाच होडीतून सहलीला निघाले होते. वळण घेताना सहाही जण पाण्यात फेकले गेले. प्राणदोरी होती, बांधलेली नव्हती. रिकामी होडी यंत्राच्या जोरावर गोल गोल फिरत त्यांच्या अंगावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. आम्ही ती कापलेली तार जोडली, बटण नवे घातले, आणि ट्रेलरवरच, पंख्याला पाण्याचे पिंप लावून, वीस वेळा दोरी ओढून यंत्र वीस वेळा बंद पाडले. मेहुण्यांना हे पोरकट वाटले. "आम्ही काय लहान मुले आहोत, पायाला दोरी बांधून फिरावयाला?"

सागरी मंडळाकडची नोंदणी वगैरे उरकून, मार्च २०२५ मध्ये, शिमग्याच्या आधी, होडी ताम्हिणीच्या वाटेने खाली नेली. वाटेत पौड लागते. तेथून जवळच टेकडीवर १९९७ साली निघालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. ते वेल्सच्या त्याच अटलांटिक कॉलेजच्या कुळातले. ज्या कुळात ही होडी जन्मली त्याच कुळाच्या दारावरून आमची होडी ट्रेलरवर हादरे खात चालली होती, हे पुतण्याने सांगेपर्यंत आमच्या लक्षात आले नाही.

आंजर्ल्याला रात्री पोचलो आणि पोटात गोळा आला. नळी मऊ पडलेली! पुण्यात दुपारी साडेतीन पौंड दाब भरला होता, येथे जेमतेम दोन. तीन महिन्यांची ठिगळे फुकट गेली असे वाटून आम्ही कंदिलाच्या, म्हणजे बॅटरीच्या, उजेडात साबणाचे पाणी लावीत पहाटेपर्यंत बुडबुडे शोधीत बसलो. एकही सापडेना. अखेर पुतण्याने वाळूत आकडे मांडले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे बाहेरच्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पौंडभर कमी. घाट उतरलो की बाहेरून पौंडभर जास्त दाबले जाते, तेवढी नळी मऊ पडते. उरलेला अर्धा पौंड दुपारच्या उन्हाने फुगवलेला होता, तो रात्रीच्या गारव्याने परत घेतला. गळती नव्हतीच. उलट प्रवासात मात्र जपावे लागते. किनाऱ्यावर ठासून भरलेली नळी घाट चढताना आणखी फुगते आणि सांध्यांवर उठते. परत येताना आम्ही आधी हवा कमी केली.

चाचणी खाडीत होती. मेहुणे सुकाणूला. सुरुवातीला दोरी खांबावरच लोंबत होती. पुतण्या होडीतून उतरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, दोरी बांधल्याशिवाय मी चढणार नाही." मेहुण्यांनी चिडून ती मांडीला अडकवली. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तेथे हर्णैकडून येणारा एक मच्छीमार ट्रॉलर शेजारून गेला. त्याची लाट तिरकी आली, होडी उडाली आणि मेहुणे दिसेनासे झाले. आम्हांला आठवते ती शांतता. यंत्राचा आवाज एकदम थांबला होता. मेहुणे वर आले तेव्हा त्यांचे डोके पंख्यापासून चार फुटांवर होते, आणि पंखा स्तब्ध होता. त्यांना नळीवरून आत ओढले तेव्हा ते पुतण्याकडे पाहून काही तरी बोलू लागले, पण खाऱ्या पाण्याचा ठसका आला आणि बोलणे राहून गेले.

ती दोरी आता त्यांच्या घरी, स्कूटरच्या किल्ल्यांशेजारी खिळ्याला असते; होडीवर ठेवू देत नाहीत, कोणी तरी बिनदोरीने नेईल म्हणून. आज मात्र ती मागून आणली आहे. कापलेल्या तारेचा तो तुकडा, कुजक्या फळीचा नमुना आणि दाबमापकही समोरच्या टेबलावर मांडले आहेत. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. तारेवरची चिकटपट्टी आम्ही काढलेली नाही. ती कशी सफाईने गुंडाळली आहे ते जरूर पाहावे.